खोली भरलेली हाय

पुण्याची नोकरी सोडून एप्रिलच्या सुरुवातीला तेजस्वी किहीमला घरी आली, तेव्हा तिच्या अभ्यासाच्या टेबलावर कुणाची तरी ओली चड्डी वाळत होती. चड्डीवर माडाची झाडं छापलेली. अशी चड्डी घालायची आपल्या घरात कुणाची छाती नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तिने आईला हाक मारली.

"हळू बोल!" आई धावत आली. "पार्टी झोपलीय आत."

तेजस्वी दोन वर्षं शिकायला मेलबर्नला निघाली होती. विमान जूनमध्ये होतं. तोवर घरी लोळायचं, आईच्या हातचं खायचं आणि सावकाश बॅग भरायची, असा तिचा बेत. पण ज्या दिवशी तिचा व्हिसा आला, त्याच दिवशी तिच्या वडिलांनी, म्हणजे दयारामने, तिच्या खोलीत एसी बसवून टाकला होता. मागच्या दोन खोल्या ते पर्यटकांना आधीपासून देतच होते. पोरगी जाणारच आहे, तर ही तिसरी कशाला रिकामी ठेवा? भिंतींना निळा रंग लावून खोलीचं नाव त्यांनी 'सी व्ह्यू' ठेवलं. समुद्र बघायचा तर गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीवर चढावं लागे. शिडी मात्र दयाराम स्वतः धरत.

तेजस्वीचा बिछाना स्वयंपाकघरात लागला आणि तिची उघडी बॅग सुकटीच्या डब्याशेजारी. जूनमध्ये तिकडे थंडी, म्हणून घेतलेल्या स्वेटरांना पंधरा दिवसांत असा वास लागला की मांजर बॅगेत झोपायला येऊ लागलं.

"आई, तिकडं विमानतळावर कुत्री सामान हुंगतात."

"हुंगू दे. त्यांना तरी रोज कोण सुकट दावतंय?"

बरं, घरी आहेस तर हातभार लाव, म्हणून चहा-नाश्ता, चादरी, टॉवेल सगळं तिच्याच गळ्यात पडलं. मुलगी आहे हे न सांगता दयाराम पाहुण्यांना "आमची मॅनेजर" म्हणून तिची ओळख करून देत. पाहुण्यांना निरोप देण्याची त्यांची पद्धतही ठरलेली होती. सकाळी दहाला चेक-आऊट. आदल्या रात्री विचारायचं, "उद्या कधी निघणार?" आणि समोरचा "बघू" म्हणाला की दयारामचं टाळकं सरके. "बघू बोलणारी पार्टी हालत न्हाय," असं म्हणून ते सकाळी दहाच्या ठोक्याला पाण्याचा पंप बंद करत. मग अंगाला साबण लावलेली माणसं भराभर हालत.

बोरिवलीच्या एका काकूंना मॅनेजरबाई परदेशी निघाल्याचं कळलं. तेजस्वीच्या खुर्चीत बसून, तेजस्वीचीच उशी मांडीवर घेऊन त्यांनी तिला भरपूर सल्ला दिला. "घरची आठवण आली ना, की डोळे मिटायचे आणि आपली खोली आठवायची!" तेजस्वी उशीकडे बघत राहिली. मग चहाचे कप उचलून निघाली.

त्या संध्याकाळी दयाराम अंगणात नारळ सोलत होते. तिने विचारलं, "पप्पा, डिसेंबरात मला सुट्टी असेल. मी आले तर झोपायचं कुठं?"

"डिसेंबर?" दयाराम दचकले. "डिसेंबर तर सीझन! थर्टीफस्टला मानसं गच्चीवर गादी मागतात. फेब्रुवारीत ये की."

ते सहज बोलले, पण तेजस्वीच्या जिवाला लागलं. आपण जायच्या आधीच घराने आपली जागा भरून टाकली, असं तिला वाटलं आणि भयंकर राग आला. चार दिवस ती बापाशी बोलली नाही. चादरी आपटत घातल्या. बापाने ताटात वाढलेला पापलेटचा तुकडा तिने मांजराला दिला, तेव्हा मात्र आई म्हणाली, "जरा जास्तच झालं हां."

जायला आठवडा उरला होता. दयाराम टाकी धुवायला उतरले होते आणि फोन ओट्यावर वाजत होता. तेजस्वीने उचलला. दरवर्षीचे ठाण्याचे गिऱ्हाईक होते. नाताळापासून थर्टीफस्टपर्यंत यंदा नवी निळी खोली हवी होती, पैसे आत्ताच पाठवतो म्हणत होते.

"सॉरी सर," तेजस्वी म्हणाली, "ती खोली भरलेली आहे."

मागे पाण्याचा थेंब टपकला. दारात चिंब भिजलेले दयाराम उभे होते. सीझनचं गिऱ्हाईक हाकललेलं त्यांनी आयुष्यात प्रथमच ऐकलं होतं. त्यांनी हात पुढे केला. तिने फोन दिला.

"हॅलो. व्हय सायेब, मालक बोलतोय." दयाराम तिच्याकडे बघत राहिले. "न्हाय, बरोबर सांगितलं तिनं. खोली भरलेली हाय. घरचीच पार्टी हाय."

फोन ठेवून त्यांनी ओल्या टॉवेलने तोंड पुसलं, जरुरीपेक्षा जास्त वेळ. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेले, डिसेंबरचं पान वर केलं आणि सवयीने विचारलं, "चेक-आऊट कधीचं?"

विद्यापीठाला, वकिलातीला, बँकेला, सगळ्यांना तेजस्वीने नेमक्या तारखा दिल्या होत्या. इथे मात्र तिला एकही तारीख सुचेना.

"बघू," ती म्हणाली.

"बघू बोलणारी पार्टी हालत न्हाय," दयाराम म्हणाले, आणि डिसेंबरचं पान तसंच हातात धरून उभे राहिले.