चार जास्तीची अंडी

गुनवोर शिडीवर उभी राहून लाकडी पेटीतली पिल्लं एकेक करून खाली देत होती. नऊ. सगळी मेलेली, पोटं खपाटीला गेलेली. विद्यापीठातला पेटर ती कापसावर मांडून घेत होता. ही सहावी पेटी. आधीच्या पाचांतही हेच निघालं होतं.

बाल्टिक समुद्रातल्या या बेटावर निळ्या टिट पक्ष्यांची सातच जोडपी उरली होती. टपाल वाटता वाटता गुनवोरने एकतीस वर्षं त्यांच्या पेट्या सांभाळल्या होत्या. पलीकडच्या किनाऱ्यावरची टिट मादी नऊ-दहा अंडी घालते, इथली पाच. समुद्राने तोडलेल्या या पक्ष्यांच्या अंगात पिढ्यान्पिढ्या मुरलं होतं, की इथल्या खुरट्या झाडांवरच्या अळ्या पाचांनाच पुरतात. गुनवोरच्या वह्यांत पानोपानी पाचाचाच आकडा होता.

मे महिन्यात पेटर पलीकडची अंडी डब्यात घालून बोटीने आला. दुसऱ्या सकाळी म्हणाला, प्रत्येक घरट्यात चार वाढवू, दोन वर्षांत बेट पुन्हा भरेल. समोर चोची उघडल्या की आईबाप भरवतातच, असं त्याचं म्हणणं. इथे पाचच जगतात, हे गुनवोरच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आदल्याच संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात वेलदोड्याचा पाव खात त्याने तिच्या सगळ्या वह्या वाचल्या होत्या आणि हे सोनं आहे म्हणाला होता. एवढ्या वर्षांत त्या कुणी उघडल्याही नव्हत्या. विद्यापीठाच्या अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत तिचं नाव यायचं, तेवढंच. सात यत्ता शिकलेल्या बाईने डॉक्टरला काय शिकवायचं, अशी स्वतःची समजूत घालून ती गप्प बसली. भ्याली, दुसरं काय.

मग जून उजाडला. डोक्यावरची पिसं झडलेली एक मादी चोचीत एकच अळी घेऊन पेटीवर नुसती बसून राहिलेली तिने पाहिली. त्यानंतर तिला जेवण गेलं नाही.

सातवी पेटी दूर टोकावर होती. गुनवोरने झाकण उघडलं. घरटं रिकामं, कोरडं, स्वच्छ. पिल्लं उडून गेली होती. पेटरचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा उजळला.

"बघा, नऊच्या नऊ वाढवली. म्हणजे जमतं यांना."

त्याने वहीत आकडा लिहायला घेतला. गुनवोर शिडीवरून उतरली.

"नऊ नव्हती, पेटर. पाच होती."

"या पेटीची चार अंडी दिली होती ना मी तुमच्याकडे? बोट सुटायची वेळ झाली म्हणून."

"दिली होतीस. माझ्या फडताळात आहेत, कापसात. मी ठेवलीच नाहीत."

"का?"

"जगणार नाहीत, माहीत होतं."

पेटरने लिहिणं थांबवलं. आवाज न चढवता त्याने विचारलं, "मग बाकीच्या सहांत का ठेवलीत?"

"तेव्हा तू खाली शिडी धरून उभा होतास."

त्याने पेन्सिल खाली केली. चूक माझी आहे, अहवालात तसं लिहितो, असं काहीसं तो पुटपुटला.

"तुझी लिही," गुनवोर म्हणाली. "माझीही लिही. आणि या खेपेला माझं नाव शेवटच्या पानावर नको. इथेच घाल, या सहा पेट्यांच्या ओळीत."

मग तिने नेहमीसारखं शिडीचं मागचं टोक उचललं आणि तो पुढचं उचलेपर्यंत वाट बघत उभी राहिली.