माझ्या पोटातला खुळखुळा

मित्रांनो, मी एक जुनी फिडल आहे आणि माझ्या पोटात साप आहे. दचकू नका. अख्खा साप नाही, खुळखुळ्या सापाच्या, म्हणजे रॅटलस्नेकच्या, शेपटीचं वाजणारं टोक तेवढं. अमेरिकेतल्या आमच्या केंटकीच्या डोंगरात फिडल नवी झाली की तिच्या पोटावरच्या फटीतून हा खुळखुळा आत सोडतात. कुणी म्हणतं, त्यानं उंदीर आत घर करत नाहीत. कुणी म्हणतं, दमट हवा बाधत नाही. कुणी म्हणतं, आवाजाला धार येते. खरं काय ते देव जाणे! मला एवढंच ठाऊक की त्याच्यापायी मला जन्मात कधी स्वस्थ बसता आलं नाही. दार आपटलं की मी खुळखुळते, कुणी शिंकलं तरी खुळखुळते. शहरातले लोक मला व्हायोलिन म्हणतात. म्हणोत बापडे.

मला घडवलं एनॉस स्टिडमनं. माझी पाठ त्याच्या अंगणात उन्मळून पडलेल्या मॅपलची आहे आणि पोट एका पडक्या चर्चच्या बाकाचं. सापही त्यानंच मारला, तंबाखू वाळवायच्या कोठारात.

त्याची बायको उंबऱ्यातून ओरडली, "तो मेला साप घरात आणलास तर मी चालले माहेरी!"

"अगं, शेपटी तेवढी आहे."

"मग कोंब तिला त्या फिडलमध्ये आणि बूच लाव वरून!"

बूच काही लागलं नाही, पण खुळखुळा आत गेला. ती माहेरीही गेली नाही.

एनॉसनंतर मी त्याच्या मुलाकडे, एल्झीकडे आले. एल्झी शाळेची बस चालवायचा. सकाळी पोरं शाळेत सोडली की दुपारपर्यंत हा मोकळा, मग पायरीवर बसून मला वाजवायचा. बाकी वेळ मी त्याच्या सीटमागे दोरीनं बांधलेली. आमचे रस्ते म्हणजे नुसते खड्डे. माझं पोट वाटभर कुरकुरायचं आणि पुढच्या रांगेतली पोरं कान टवकारून बसायची. लग्न असो, मयत असो, मासे तळायची मेजवानी असो, एल्झी आणि मी हजर. म्हातारेसुद्धा नाचता नाचता खुर्च्या पाडायचे. फार कौतुक झालं माझं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

बसमध्ये सगळ्यांत शेवटी उतरायची डेल्फी, एल्झीच्या भावाची मुलगी. आई नव्हती तिला. ओढ्याकाठी बस वळवायची जागा होती, तिथं पोचेपर्यंत बसमध्ये आम्ही तिघंच उरायचो. एल्झी इंजिन बंद करायचा आणि मला हातात घ्यायचा. डेल्फी त्याच्या खांद्यामागच्या बाकावर सरकून बसायची आणि हुकूम सोडायची, "काका, बस सुरू करा!" म्हणजे वाजवा. मग ती गायची. आईचं गाणं होतं ते, 'ओढ्यापलीकडचा दिवा'. दोन कडव्यांच्या मध्ये एल्झी गज जरा दाबून ओढायचा, माझ्या पोटात खुर्रर्र व्हायचं, आणि त्या खुर्ररवर ती पुढचा सूर उचलायची. ती गाणं शिकली ते असं.

पोर मोठी झाली, जत्रेत गायली, आणि नॅशव्हिल शहरातल्या एका तबकड्या काढणाऱ्या कंपनीनं तिला पहिला अल्बम करायला बोलावलं. ओढ्याकाठची सगळी वस्ती आनंदानं वेडी झाली. पण मित्रांनो, तेव्हा हवा वेगळीच होती. रेडिओवर डोंगरातलं गाणं उरलंच नव्हतं. टोपी घातलेले गडी चकचकीत नाचाच्या ठेक्यावर गात होते, आणि फिडलच्या जागी एक पेटीसारखं यंत्र आलं होतं. बटण दाबलं की त्यातून शंभर व्हायोलिनांचा पाक गळायचा. कंपनीचे लॅन्सिंगसाहेब भले गृहस्थ, पण त्यांना पाकच हवा होता.

डेल्फीनं एकच अट घातली. "आईचं गाणं काका वाजवतील."

साहेब म्हणाले, "एक गाणं तुझं. बाकीची माझी."

त्या एका गाण्यासाठी एल्झीनं शर्टाला इस्त्री केली आणि आम्ही नॅशव्हिल गाठलं.

स्टुडिओत काय घडलं ते ऐका. एल्झीनं गज लावला आणि ध्वनिमुद्रणाच्या यंत्रावर बसणारा गॅरी उठून उभा राहिला. "कसला खरखराट येतोय हा?" त्यानं वायर बदलली, माइक बदलला. गार हवेचं मशीन बंद केलं, दिवे बंद केले. सगळे घामाघूम झाले, खरखर काही जाईना. आमचा एल्झीही मदतीला! टेबलाखाली शिरून तुटलेली वायर शोधतोय. हसू नका. खुळखुळ्याशिवायची फिडल त्यानं आयुष्यात ऐकलीच नव्हती, त्यामुळे ते लोक कशाला खरखर म्हणतायत हेच त्या भोळ्या माणसाला कळेना.

शेवटी वैतागून लॅन्सिंगसाहेबांनी मला बाजूला ठेवायला उचललं. मी खुळखुळले.

"यात काय आहे?"

"साप," टेबलाखालून एल्झी म्हणाला.

साहेबांनी मला खुर्चीवर टाकलं आणि थेट दार गाठलं.

"अहो, शेपटी आहे नुसती. सगळ्यांच्याच फिडलमध्ये असते ना!"

"सगळ्यांच्या म्हणजे कुणाच्या?"

"आमच्या ओढ्यावर सगळ्यांच्या."

गॅरी पोट धरून हसला. साहेबही हसले, पण मग गंभीर झाले. "डेल्फी, रेडिओवाल्यांना वाटेल तबकडीच खराब निघाली. केराच्या टोपलीत टाकतील. तुझी पहिली तबकडी आहे. दुसरी निघायची की नाही, ते हिच्यावर ठरणार. काढा तो."

डेल्फी जमिनीकडे बघत होती. तिची भीती मला दिसत होती. एवढ्या लांब आलेली पोर, हातातली संधी निसटली तर परत कोण विचारणार? ती हळूच म्हणाली, "काका... काढू या का? आजच्यापुरता?"

मला फार लागलं ते. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर चाललं असतं.

"काढू की! त्यात काय एवढं," एल्झी म्हणाला. मला उलटी धरून तो कितीतरी वेळ हलवत राहिला. इतक्या वर्षांच्या धुळीत गुरफटलेला खुळखुळा एकदाचा त्याच्या तळहातावर पडला. त्यानं तो रुमालात गुंडाळला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. नंतर किती तरी वेळ तो तिच्याकडे बघत नव्हता.

जन्मभर मला वाटायचं, घटकाभर शांत बसायला मिळालं तर काय बहार होईल. आता मिळालं, आणि जीव घाबरा झाला. एल्झी एका काचेच्या खोलीत, डेल्फी दुसऱ्या. दोघांच्या कानांवर हेडफोन. मी स्वच्छ वाजले, गुळगुळीत वाजले. पहिलं कडवं झालं. मधल्या जागी डेल्फी थांबली ती थांबलीच. पुन्हा घेतलं, पुन्हा तिथंच अडलं गाडं.

"छान होतंय! गोड होतंय!" साहेब म्हणाले.

"गोड होतंय, पण माझं होत नाहीये," डेल्फी म्हणाली. हेडफोन काढून ती तरातरा आमच्या खोलीत आली आणि काकापुढे हात पसरला. "द्या तो इकडे."

तिनं स्वतःच्या बोटांनी खुळखुळा माझ्या पोटात ढकलला. "चुकलं माझं. बस सुरू करा, काका."

एल्झीनं बाहीला नाक पुसलं. "सीटवर नीट बस, पोरी. रस्ता खराब आहे."

गॅरीनं बजावलं, "एका खोलीत गायलात तर फिडल तिच्या माइकात शिरेल. मग वेगळी काढता यायची नाही."

"शिरू दे की!" म्हणत डेल्फी काकाच्या खांद्यामागे उभी राहिली, अगदी बसमधल्यासारखी. आणि गायली. एका दमात झालं गाणं.  साहेबांनी एल्झीचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "अप्रतिम." आम्ही वाटेत गात गात घरी आलो.

तबकडी आली त्या दिवशी एल्झीच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. चुलीवर घेवड्याचा रस्सा, मक्याची जाड भाकरी. कव्हरवर डेल्फी चमचमता झगा घालून उभी. शेजारची मॉडी मावशी म्हणाली, "ही आपली डेल्फी की दुकानातली काचेची बाहुली?" तबकडी फिरू लागली. एकामागून एक पाकातली गाणी झाली. लोक भलेपणानं माना डोलवत होते. मग शेवटचं गाणं लागलं.

मी नव्हतेच त्यात. माझ्या जागी ते पाकाचं यंत्र. मला पुसून टाकलं होतं.

एल्झी ताटाकडे बघत बसला. हातातली भाकरी हातातच राहिली. डेल्फी उठून उभी राहिली, रडत रडत म्हणाली, "मला विचारलं नाही त्यांनी! शपथ, काका, मला कुणी विचारलं नाही..."

"गप, पोरी. ऐकू दे."

पहिलं कडवं संपलं. यंत्र क्षणभर थांबलं. तिनं श्वास घेतला, आणि त्या श्वासाखालून आवाज आला, खुर्रर्र.

त्यांनी माझ्या माइकातला आवाज पुसला होता, पण मी तिच्या माइकात, तिच्या आवाजात शिरले होते. तिचा आवाज पुसल्याशिवाय मला पुसणं त्यांच्या हातात नव्हतं.

एल्झीनं मांडीवर थाप मारली. "अरे, बस चालू आहे!" तो ओरडला. "डेल्फे, बस चालू आहे!" आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. लोकांनी सुई परत परत त्याच जागी ठेवली.

अल्बम काही फार चालला नाही. त्यातलं एक चकचकीत गाणं रेडिओवर थोडे दिवस वाजलं आणि गेलं. कंपनीनं दुसरा काढला नाही. पण आमच्या डोंगरात ज्याच्या त्याच्या तबकडीवर शेवटचं गाणंच झिजलेलं असायचं. डेल्फी गावोगावच्या सभागृहांत गात राहिली, एल्झी गाडी चालवत राहिला आणि मी वाजत राहिले. ती वर्षं माझी सर्वांत सुखाची.

मग एल्झी गेला. डेल्फीला फिडल वाजवता येत नाही. तिनं मला गावच्या वाचनालयात दिलं, म्हणजे मी नीट राहीन. आता मी काचेच्या कपाटात आहे, शेजारी ती तबकडी. तारा सैल पडल्यात. 'हात लावू नये' अशी पाटी आहे. डेल्फीनं प्रेमानंच ठेवलं, माझी तक्रार नाही. छे, आहे तक्रार! कसली नीट राहतेय मी? इथं जीव गुदमरतो माझा. रस्त्यावरून कोळशाचा ट्रक गेला की मी खुळखुळते, वाटतं आली बस, पण ट्रक निघून जातो. डेल्फी अधूनमधून येते. केस पिकलेत तिचे. काचेवर तळहात ठेवून उभी राहते आणि तेवढ्या धक्क्यानंसुद्धा मी खुळखुळते.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं वाद्य खुंटीवर किंवा कपाटावर गप पडलं असेल. त्याची धूळ झटकलीत म्हणजे झालं, असं समजू नका. त्याला हातात घ्या. येत नसेल तर वाईट वाजवा, पण वाजवा. आणि कधी आमच्या ओढ्याकडे आलात तर वाचनालयातल्या बाईंकडून किल्ली मागून घ्या. पाटीकडे बघू नका. मला उचला, खांद्याला लावा आणि एवढंच म्हणा, "बस सुरू करा."

मी कधीची तयार आहे.