आधी सेल बाहेर

मी आणि कुंदन जे करतो त्याला धंदा म्हणावं तर त्यात पोट भरत नाही, आणि छंद म्हणावं तर घरचे हसतात. तीस वर्षांपूर्वी चष्म्याच्या डबीएवढे कॉम्प्युटर निघाले होते. वर झाकण, आत बारीक कीबोर्ड आणि दोन पेन्सिल सेलवर चालणारे. त्यात लिहिलेलं साठवायला एक चपटं कार्ड बसायचं. ती मशीनं बनायची बंद झाली, कार्डं त्याहून आधी. ते कार्ड आम्ही नव्याने बनवतो. कुंदनचं धुळ्यात मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, तो तिथे बसून सर्किट आखतो. मी जळगावला एका कॉलेजच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे. तिथल्या थ्रीडी प्रिंटरवर मी त्याचं कव्हर काढतो, साहेबांची नजर चुकवून.

कव्हर काढणं म्हणजे पोरखेळ आहे असं कुंदनला वाटतं. पाव मिलिमीटर जाड झालं तर कार्ड खाचेत शिरत नाही, पातळ झालं तर वाकतं. पहिली वीस कव्हरं मी मे महिन्यात भर दुपारी एसटीने धुळ्याला नेली, तर पारोळ्यापर्यंत त्यांचे पापड झाले. त्यावर कुंदन आठ दिवस हसत होता. मग मी प्लास्टिक बदललं, सतरा वेळा माप बदललं, आणि यंदा कुठे कार्ड मनासारखं बसायला लागलं. जगभरात आमच्यासारखे चाळीस-पन्नास येडे आहेत, त्यांचा एक ग्रुप आहे. तिथे मला बऱ्यापैकी मान आहे. हितेंद्र जळगाव म्हटलं की लोक ऐकून घेतात.

आमच्याकडे येणारी मशीनं मेलेलीच असतात. वीस-वीस वर्षं माळ्यावर पडलेली, आत सेल फुटून ते टेकतात त्या पट्ट्यांवर हिरवट खार चढलेला. म्हणून आमचा नियम आहे: मशीन हाती आलं की आधी सेल बाहेर. मग पट्ट्या स्पिरिटने पुसायच्या, मग पुढचं. ग्रुपमध्ये नवा माणूस आला की मी त्याला हे पहिल्यांदा सांगतो. कुणी ऐकलं नाही तर झापतोसुद्धा.

दिवाळीनंतर रूपाताईंचा फोन आला. साक्रीकडे एका शाळेत शिक्षिका आहेत, माहेर सोनगीर. त्यांच्याकडे असंच एक मशीन होतं आणि त्याचा पडदा दिवसेंदिवस फिका पडत चालला होता. त्यातलं लिहिलेलं आमच्या कार्डावर उतरवून कागदावर काढून मिळेल का, असं त्यांनी विचारलं.

"मिळेल की," मी म्हणालो. "पण आहे काय त्यात?"

त्यांनी जे सांगितलं ते मी आजही जसंच्या तसं सांगू शकतो. त्यांच्या वडिलांचं, भिकन आप्पांचं, घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. कुणा मित्राने हे मशीन आणून दिलं. आप्पा त्यावर इंग्रजी अक्षरांत अहिराणी टाइप करायचे आणि बारा वर्षांची रूपा ते आईला मोठ्याने वाचून दाखवायची. आईला वाचता येत नव्हतं.

"वर्षभर घरात आप्पांचा आवाज म्हणजे मी होते," त्या म्हणाल्या. "शेवटच्या दिवशी दुपारी त्यांनी बराच वेळ टाइप केलं आणि मशीन माझ्यापुढे धरलं. मला भीती वाटली. त्यांचा चेहरा बघून वाटली. मी ते वाचलंच नाही. आईला म्हटलं, पाणी मागताहेत. आईने पाणी दिलं, तर त्यांनी घेतलं नाही, नुसते माझ्याकडे बघत राहिले. दिवे लागायच्या सुमारास गेले."

"नंतर कधी ते वाचून पाहिलं नाही?"

"हिंमत झाली नाही. आईला माहितीये की त्यात शेवटचं काहीतरी आहे. मी दर अक्षय्य तृतीयेला, आखाजीला, माहेरी जाते आणि ती म्हणते, औंदा वाच. मी दरवर्षी टाळते. सव्वीस वर्षं झाली. आता कागदावर आलं की तिच्यासमोर बसून वाचणार आहे."

मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. आणि त्याचबरोबर छातीही फुगली. आजवर आमच्या कार्डांवर लोकांनी जुने खेळ भरले होते. हे काहीतरी खरं काम होतं. मी ऐटीत म्हणालो, "फक्त मशीन घेऊन या ताई, वायर-बियर काही नको. बाकीचं आमच्याकडे आहे."

रविवारी कुंदनच्या दुकानात मायलेकी आल्या. बेबाबाई सत्तरीच्या, ठेंगण्या, डोक्यावर पदर. मशीन त्यांनी धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून, पिशवीत घालून, पिशवी मांडीवर धरून आणलं होतं. मी दोन्ही हातांनी घेतलं. इतकं स्वच्छ मशीन मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. झाकणावर एक ओरखडा नाही.

कुंदनने चहा मागवला. बेबाबाई स्टुलावर टेकल्या आणि त्याच्याशी बोलू लागल्या. मी कामाच्या टेबलावर मऊ कापड पसरलं, मशीन पालथं ठेवलं, सेलचं झाकण सरकवलं, दोन्ही सेल काढले, बाजूला ठेवले, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पट्ट्या पुसायला घेतल्या. पट्ट्या लखलखीत होत्या. तरी मी पुसल्या. नीट, सावकाश, दोनदा.

मागून बेबाबाईंचा आवाज येत होता. "आखाजीले घागर भरस ना, त्याच दिनले सेल बी बदलस मी. आन् दिवाईले. पन दोन्ही सोबत कधीच काढाना नहीत, भाऊ. वायर लायेल ऱ्हावाले पाह्यजे. रूपाना आप्पा सांगी गयात."

माझा हात थांबला.

या मशीनची आठवण कायमची नसते. सेल असतात तोवरच ती असते. सेल बदलताना ती सांभाळायला एक तर विजेची वायर लावलेली हवी, नाहीतर आत एक बटणाएवढा छोटा सेल असतो. तो जिवंत असेल तर काळजी नाही. मी सेल परत घातले. घाईत एक उलटा बसला, पुन्हा काढून सुलटा घातला. मग कुंदनला नुसती हाक मारली. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तो मीटर घेऊन आला. बटण सेल काढून मोजला. शून्य. कोण जाणे किती वर्षांपासून शून्य. इतकी वर्षं बाईंच्या त्या वायरीने सगळं धरून ठेवलं होतं, आणि ती वायर मीच घरी ठेवायला लावली होती.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला सगळं माहीत होतं. ग्रुपवर यावर मी दोन पानी लेख लिहिलाय. पण जिवंत मशीन आमच्याकडे कधी आलंच नव्हतं, आणि हाताने मेलेल्या मशीनचं काम केलं.

रूपाताई जवळ आल्या. मी हळू आवाजात सांगितलं. एका दमात सांगितलं, कारण थांबलो असतो तर पुढे बोलता आलं नसतं. "काही करता येईल का?" त्यांनी विचारलं. कुंदनने नकारार्थी मान हलवली. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी टेबलाची कड धरली आणि मशीनकडे बघत उभ्या राहिल्या. मी सवयीने बटण दाबलं. पडदा लागला. नव्या मशीनवर पहिल्यांदा येतो तोच मजकूर आला: मालकाचं नाव लिहा.

"चालू व्हयनं!" बेबाबाई स्टुलावरून उठल्या. गुडघे धरत धरत आमच्यापाशी आल्या, पडद्यावरची अक्षरं बघितली, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "रूपा, वाच वं माय. आते तरी वाच. काय म्हणतस आप्पा?"

कुणीतरी खरं सांगायला हवं होतं. मीच सांगायला हवं होतं. कुंदन खाली मान घालून हातातला पेचकस फिरवत होता.

रूपाताईंनी मशीन उचललं. डोळ्यांपुढे धरलं. आणि वाचायला लागल्या.

"बेबा, घाबरू नको. रूपाले खूप शिकाड. तू मन्हं बठ्ठं करं, माले काहीच कमी पडनं नही. आते जरासा इसावा ले."

"आखो?" बेबाबाईंनी आणखी काय ते विचारलं.

"आखो..." त्यांची नजर त्या एका ओळीवर खिळलेली होती. "आखो म्हणतस, रूपावर रागावू नको."

बेबाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांना ते पटलं का, मला कळलं नाही. मग डोळे पुसून त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊ, हाई कागदवर काढी द्या. तुमना त्या कारडमा बी टाका."

मी टाकलं. दुसरं काय करणार होतो? बेबाबाईंना कुंदनने चहाचा कप हातात देऊन बाहेरच्या खुर्चीवर बसवलं. मी नवा बटण सेल घातला, रूपाताईंनी हळू आवाजात एकेक वाक्य पुन्हा सांगितलं, आणि मी माझ्या या हातांनी ते इंग्रजी अक्षरांत टाइप केलं. कार्ड खाचेत सरकवलं. पहिल्याच फटक्यात बसलं, पहिल्याच फटक्यात चाललं, एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. कुंदनने त्यावरून कागद काढला. बेबाबाईंनी तो चार घड्या करून कंबरेच्या पिशवीत ठेवला आणि आम्हा दोघांच्या डोक्यावरून हात फिरवला. तेवढं मला सोसलं नाही, मी तोंड फिरवलं.

कुंदन बेबाबाईंना रिक्षापर्यंत सोडायला गेला. रूपाताई मशीन टॉवेलात गुंडाळायला मागे राहिल्या. गुंडाळून झालं तरी निघेनात.

"हितेंद्रभाऊ, एक विचारू?"

मी मान डोलावली. आता शिव्या देतील असं वाटलं, आणि द्याव्यात असंही वाटलं.

"सेल काढायच्या आधी तुम्हाला काही दिसलं का हो? पूर्ण नाही. एखादा शब्द?"

मी ते आधी चालूच केलं नव्हतं.