वाट्याला आलेली बाजू

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत दर शुक्रवारी संध्याकाळी वाद रंगायचा, आणि त्याचा एकच नियम होता: बाजू आपण निवडायची नाही, ती वाट्याला येते. बिघडलेलं एखादं भिंग टेबलावर उडवायचं. फुगीर बाजू वर आली तर होकाराकडून बोलायचं, खोलगट आली तर नकाराकडून. नियम दुकानाच्या मालकिणीचा. डोळे तपासायचं रीतसर शिक्षण घेतलेली ती तरुण मुलगी. तिचं म्हणणं असं, की माणूस स्वतःच्याच मताच्या बाजूने बोलायला लागला की त्याची अक्कल गहाण पडते.

वाद घालणारे दोघंच. एक ती आणि दुसरे मागच्या गल्लीतले निवृत्त मास्तर. मास्तरांचं प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू व्हायचं, म्हणून त्यांना सगळे पणराव म्हणत. तिसरा तिचा मामा, शहरातली बस चालवणारा. तो वादात पडत नसे. डोळे तपासायच्या उंच खुर्चीत, समोरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे तोंड करून बसायचा, चहा प्यायचा आणि मधूनच काडी टाकायचा.

"पणराव, आज सलग दोन वाक्यं 'पण'शिवाय गेली. तब्येत बरी आहे ना?"

त्या शुक्रवारी मात्र प्रश्न मामानेच आणला.

"समजा," तो म्हणाला, "एखाद्याला स्वतःविषयी एक गोष्ट कळू शकते. विचारलं तर लगेच कळेल. त्याने विचारलंच नाही. आणि पुढे त्याच्या हातून कुणाचं वाईट झालं. तर दोष त्याचा आहे का?"

"अरे वा! मामा, तू आणि तत्त्वज्ञान?"

"का? गाडी हाकणाऱ्याला डोकं नसतं?"

भिंग उडालं. खोलगट बाजू वर. दोष नाही, हे तिने पटवायचं होतं, आणि ती अशी सुटली की पणरावांना श्वास घ्यायला फुरसत मिळेना.

"आपण न विचारलेल्या गोष्टी किती असतात, मोजा तरी! घराचा पाया पोखरलाय का, आपल्या हसण्याने कुणी दुखावतंय का, आपल्या शिंकेने कोण आजारी पडलं. सगळं विचारत बसलं तर उंबऱ्याबाहेर पाऊल पडायचं नाही. न विचारणं हाच दोष असेल तर जन्माला आलेला प्रत्येक जण दोषी. आणि सगळेच दोषी, तर त्या शब्दात उरलं काय?"

"पण..." पणराव म्हणाले.

"पण काय?"

"पण काहीतरी चुकतंय."

"काय ते सांगा की!"

पणरावांनी टेबलावरचं भिंग उचलून उलटसुलट करून पाहिलं. मामाने कप खाली ठेवला. "म्हणजे दोष नाही."

"तिळभरही नाही!" म्हणत तिने टाळीसाठी हात पुढे केला. मामाने टाळी दिली, पण त्याचा हात यायला जरा वेळ लागला.

सोमवारी सकाळी मामा पुन्हा आला. बस चालवण्याचा परवाना पुढे चालू ठेवायचा तर नजर ठीक असल्याचा दाखला लागायचा, आणि दरवेळी तो भाचीकडूनच घ्यायचा. तिने डावा डोळा झाकायला सांगितला. मामाने तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग उजवा झाकला. तो तितक्याच झपाट्याने पुन्हा वाचू लागला आणि तिचा पेन थांबला. पाढे म्हणावेत तशी ती लय होती.

"शेवटची ओळ उलटीकडून वाच."

"उलटीकडून कशाला? बस काय उलटी चालवतो मी?"

"वाच ना."

मामाचे ओठ हलले. तो मनातल्या मनात ओळ सुरुवातीपासून म्हणत होता. इतके शुक्रवार समोर बसून तक्ता त्याला पाठ झाला होता, आणि हे तिच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं.

"मामा, किती दिवस झाले?"

त्याने डोळ्यावरचा हात काढला. "दिव्यांभोवती धुरकट दिसतं. डावीकडून कुणी रस्ता ओलांडायला लागलं की जरा उशिरा कळतं. पण तू हे विचारूच नकोस. सही कर. न विचारणाऱ्याला दोष नाही, तूच म्हणालीस."

"अरे, तो डाव होता! माझ्या वाट्याला ती बाजू आली."

"मला वाटलं, तू मला सांगतेयस."

'समजा' हा शब्द ऐकला की तिच्या लेखी खेळ सुरू व्हायचा. मामाने तोच शब्द लाज झाकायला पांघरला होता.

"शुक्रवारी बाजू बोलली," मामा म्हणाला. "तू कुठे होतीस? आता तू सांग. तुला काय वाटतं?"

"थांब. विचार करू दे."

"तेव्हा तर थांबली नव्हतीस."

हे खरं होतं. जिंकायचं असतं तेव्हा वाक्यं कशी आपोआप सुचतात. आता तिला एक धड वाक्य सापडेना, आणि मामा पहिल्यांदाच तिच्याकडे काडी न टाकता पाहत होता.

"मी बोलले त्यातलं अर्धं मला अजूनही पटतं," ती शेवटी म्हणाली. "जे मनातच आलं नाही, ते विचारलं नाही म्हणून कुणी दोषी होत नाही. पण तुझ्या मनात आलं होतं. विचारू की नको, असं ज्याला वाटतं, त्याला अर्धं उत्तर आधीच मिळालेलं असतं. त्याच्याबद्दल मी शुक्रवारी एक शब्दही बोलले नाही. बोलले असते तर हरले असते."

"म्हणजे मी दोषी."

"अजून काही झालेलं नाही. पण आता तुलाही माहीत आहे आणि मलाही. मी सही करणार नाही."

"आणि दुसरीकडून आणली तर?"

"मला अडवता यायचं नाही. पण भाचीने पटवून दिलं, असं म्हणू नकोस. मी ते मागे घेतेय."

"बस चालवणं सुटलं तर मी करू काय? मला दुसरं येतं काय?"

"ते मला माहीत नाही, मामा."

"निदान मोतीबिंदू असेल, काढला की झालं, एवढं तरी म्हण."

ते म्हणणं किती सोपं होतं! ओठांवर आलंच होतं. "असेलही," ती म्हणाली. "नीट तपासण्याआधी म्हटलं तर ते पुन्हा शुक्रवारसारखंच होईल."

मामा उठला आणि दारापर्यंत गेला. बाहेर रस्त्यावरून बस गेली तसा काचेचा आवाज झाला. तो तिथेच उभा राहिला, मग परत येऊन खुर्चीत बसला आणि त्याने स्वतःच उजवा डोळा तळहाताने झाकला.

"विचार."

तिने ड्रॉवरमधून त्याने कधीच न पाहिलेला तक्ता काढून लावला. "सगळ्यात वरचं अक्षर?"

"भ असावा." तो अडखळला. "असावा नको. दिसत नाही."

तिने तक्ता भिंतीवरून उतरवला, दोन्ही हातांत छातीशी धरला आणि हळूहळू त्याच्या दिशेने येऊ लागली. "दिसलं की सांग."

"थांब. ध आहे."

तो घ होता.

"अजून जवळ येते," ती म्हणाली.