अप्पांची पेटी

तेलगाव मागं पडलं तरी उसाच्या गाड्या काही मागं पडेनात. जीप त्यांच्यामागं रांगत होती. वीरेशनं खिशातून गेम काढला. कंपनीतल्या मित्रानं सिंगापूरहून आणलेलं ते तळहाताएवढं यंत्र. मोबाईल अजून गावाकडं पोचायचे होते; पुणे ते धर्मापुरी ही लांबलचक वाट त्याला ह्या यंत्रावरच काढायची सवय झाली होती.

आज शेजारी अप्पा होते, त्याचे वडील कल्याणराव. त्यांच्या छातीत कळ येत होती, म्हणून त्यांना पुण्याच्या डॉक्टरकडं न्यायचं होतं. आई दुकान सांभाळायला मागं राहिली. पलीकडून बहीण रुद्राणी अप्पांना खांद्याचा टेकू देऊन बसलेली. गोळ्या, पाणी, उन्हाला पडदा, सगळं तीच बघत होती. वीरेश खेळत होता.

"काय हाय रे त्यात?" अप्पांनी विचारलं.

वीरेशनं सांगितलं: चौघं जण मुलूख हिंडतात, राक्षसांशी लढतात, लढता लढता बळकट होतात. नावं आपण ठेवायची. मी घरातलीच ठेवलीत, माझं, रुदीचं, आईचं, तुमचं.

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

पण अप्पा खुलले होते. पाटोद्याला चहाला उतरल्यावर त्यांनी ड्रायव्हर बंकटला सांगितलंसुद्धा, की आमी लेकाच्या खेळात लढाईवर हावोत. मग दवाखान्यात कशाला चाललात काका, बंकट म्हणाला, डॉक्टरलाच हाणा की. अप्पा छातीला हात लावून हसले.

खेळातले अप्पा कधीचेच मेले होते. दुबळे होते, पहिल्याच फटक्याला पडायचे. एकदा पडले ते वीरेशनं उठवलेच नाहीत. लढाईतून मिळणाऱ्या बळात मेलेल्याचा वाटा नसतो, तो जिवंतांत वाटला जातो. बाकी तिघं भराभर वाढत होते. अप्पांची तलवार त्यानं आपल्या नावाच्या गड्याला दिली, ढाल रुदीला. मेलेला माणूस म्हणजे एक लांबट पेटी, रांगेच्या शेवटी घसटत येणारी. रुद्राणी दिवाळीत हा खेळ खेळली होती. तिला ती पेटी ठाऊक होती.

जीप सुटली तसे अप्पा म्हणाले, "दाव की मला."

चष्मा सावरून ते वाकले. एकेक इंग्रजी अक्षर जुळवत त्यांनी आपलं नाव वाचलं. "नाव हाय. मी कुठाय? ही तर पेटी हाय नुसती."

त्यांच्या लिंगायत समाजात माणूस गेला की त्याला बसवतात, गळ्यातलं इष्टलिंग हातात देतात आणि तसाच मातीच्या कुशीत ठेवतात. पेटीत घालून नेलेला माणूस अप्पांनी जन्मात बघितला नव्हता.

"माझी बाजारची पेटी हाय व्हय ही?" त्यांचा आवाज ओला झाला.

पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन, खण-लुगडी विकत, आठवड्याचे बाजार पालथे घातलेला माणूस तो. त्याच पेटीवर वीरेश शिकला होता.

"हां," वीरेश म्हणाला.

"बघ रुदे, एवढ्या राक्षसांतून पोरगं माझी पेटी घेऊन हिंडतंय. टाकली न्हाई."

रुद्राणीनं भावाकडं बघितलं.

पुढच्या वाटेवर वीरेशनं एकही लढाई घेतली नाही. राक्षस आला की पळायचा. पळत पळत तो खेळातल्या मागच्या गावी आला, जिथला पुजारी मेलेल्याला उठवतो. अप्पांचा श्वास त्याच्या कानाशी लागत होता. त्याच्या कपाळावर घाम आला, आणि खेळात काय चाललंय ते न कळताही अप्पांनी आपल्या उपरण्यानं तो टिपला.

पेटी गेली. तिच्या जागी एक बुटका म्हातारा उभा राहिला.

"पेटी कुठं गेली रे?"

"अप्पा, हे तुमीच."

अप्पा आणखी खाली वाकले. "ह्याच्याजवळ तर कायच न्हाई," ते हळू म्हणाले. मग लेकालाच समजावल्यासारखं, "असू दे. खेळ तू. पर पेटी कुणाजवळ दिली तेवढं सांग."

वीरेशनं मान वर न करता तलवार म्हाताऱ्याच्या हातात दिली, ढालही दिली. अप्पांचं तिकडं ध्यान नव्हतं. यंत्राच्या पडद्याच्या कडेकडेनं बोट फिरवत ते आपली पेटी हुडकत होते.