खिडकीतून नऊ दिवस

मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी एलिसेओ नुफाब्ले वारला. वय चौऱ्याहत्तर. काम सुतारकीचं, त्यातही शवपेट्यांचं. बाप्तिस्त मंडळीत एकतीस वर्षं डीकन, म्हणजे कारभारी सेवक. शेवटच्या क्षणी खाटेशी एकटी बायको होती, कोन्सिंग. तिनं घड्याळ पाहिलं, त्याचे डोळे मिटले, हनुवटीखालून रुमाल घेऊन डोक्यावर गाठ मारली आणि स्वतःचे ओठ आवळून धरले. दुसऱ्या कुणाच्या खाटेशी असती तर एव्हाना तिची प्रार्थना सुरू झाली असती.

पानाय बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या त्या वस्तीत माणूस पुरला की दुसऱ्या दिवसापासून नऊ दिवस दुपारी तीन वाजता पांगादी होते. मेलेल्याच्या आत्म्याला पुढची वाट सोपी जावी म्हणून घरात माणसं जमून जपमाळ म्हणतात, लितानी म्हणजे नामावळीची आळवणी म्हणतात, आणि नवव्या दिवशी निरोपाची कडवी. सेहेचाळीस वर्षं ही पांगादी कोन्सिंगच चालवत आली होती. आईकडून शिकलेली, सगळी तोंडपाठ. आईची वही वादळात वाहून गेली तेव्हाही तिनं एक दिवस खाडा केला नव्हता. दारुड्या तास्योसाठी केली, ज्याला त्याच्या सख्ख्या भावानं खांदा दिला नव्हता. वादळात छप्पर उडालेल्या घरात ताडपत्रीखाली बसून समोरच्या मेद्योच्या बायकोसाठी केली. कुणाकडून एक पेसो घेतला नाही.

"नवरा पेटीत घालतो, बायको बाहेर काढते," असं वस्तीत म्हणत. दोघांनाही ते आवडायचं.

कोन्सिंग कॅथलिक, एलिसेओ बाप्तिस्त. लग्न नगरपालिकेत झालं, कारण तो तिच्या चर्चमध्ये जाईना आणि ती त्याच्या. पन्नास वर्षांत दोघांनीही एकमेकांच्या चर्चचा उंबरठा ओलांडला नाही. पांगादी संपेपर्यंत तो गल्लीत मोटारसायकल लावून उभा असायचा. कुणी आत बोलावलं तर म्हणायचा, "मी तिला न्यायला आलोय, त्याला पोचवायला नाही."

मरणाच्या तीन आठवडे आधी त्यानं तिला खाटेशी बोलावलं होतं.

"कोन्सिंग, माझी पांगादी करायची नाही."

"का? तुला काय वेगळे पंख फुटणारेत?"

"मी थेट जाणार. क्रूसावरच्या चोराला प्रभू काय म्हणाला? आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. आज म्हणाला. नऊ दिवसांनी नाही म्हणाला."

"तो चोर क्रूसावर होता, तू गादीवर आहेस. त्याचं धुणं तिथंच झालं."

"माझंही झालंय. प्रभूच्या रक्तानं झालंय."

"एलिसेओ, राजवाड्यात जायचं म्हटलं तरी उंबऱ्यावर पाय धुतात. हाकलून देत नाहीत रे. फक्त पाय धुतात. आम्ही बाहेरून पाणी ओततो, एवढंच."

"एकतीस वर्षं मी लोकांना सांगितलं की विश्वास ठेवणारा मधे कुठं थांबत नाही. आता माझीच बायको माळ घेऊन बसली तर काय म्हणतील? एलिसेओ अडकला म्हणतील."

"आणि मी नाही बसले तर? तास्योसाठी बसली, नवऱ्यासाठी नाही बसली म्हणतील."

तो बराच वेळ खोकला. मग म्हणाला, "शब्द दे."

त्यानं उभ्या जन्मात तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. तिनं शब्द दिला: त्याच्यासाठी प्रार्थना करणार नाही, त्याचं नाव माळेवर घेणार नाही. देताना तिला कळत होतं की आपल्या समजुतीप्रमाणे आपण या माणसाला उंबऱ्यावर धुळीच्या पायांनी उभं करतोय. तो भला होता. पण मोठा गर्विष्ठ. पन्नास वर्षांत एकदाही 'चुकलं' म्हणाला नव्हता. तेवढी धूळ तरी होतीच.

शुक्रवारी त्याला त्यानंच बनवलेल्या पेटीत पुरलं. पेटी नारा लाकडाची, एकही खिळा दिसत नव्हता. तरुण पास्टर चांगलं बोलला. "देहापासून दूर, प्रभूच्या जवळ," तो म्हणाला, आणि बाप्तिस्तांनी चार आवाजांत असं भजन म्हटलं की कॅथलिक बायकांनीही माना डोलावल्या.

त्याच संध्याकाळी एलिसेओची बहीण दोर्कास बॅग घेऊन राहायला आली. निवृत्त शाळामास्तरीण, वय सहासष्ट, बाप्तिस्तांतली पक्की. सोबतीला आले म्हणाली. पण दिलेल्या शब्दाबद्दल तिला ठाऊक होतं, आणि ती पाहुणी कमी, पहारेकरी जास्त होती.

शनिवारी तीनला पाच कमी असताना माणसं आली. चाळीसेक तरी असतील. हातात माळा, डोक्यावर फडकी, कुणाच्या हातात बिकोचं, गोड चिकट भाताचं, ताट. पुढे मेद्यो, समोरच्या घरात राहणारा, जीपनी या उतारूंच्या गाडीचा जुना ड्रायव्हर. वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं तो तिला 'नांग' म्हणायचा.

"नांग कोन्सिंग, आलो आम्ही. सगळ्यांची फेड आहे, आज आमची पाळी."

"इथं पांगादी नाही," ती दारातून म्हणाली. "त्यानं नको म्हटलं होतं. मी शब्द दिलाय."

"तुम्ही दिलाय. आम्ही कुठं दिलाय?"

मेद्योनं गल्ली ओलांडून स्वतःच्या घराचं दार उघडलं आणि सगळे आत गेले. दोन्ही घरांच्या मधे गल्ली चार पावलांची, खिडक्या समोरासमोर. कोन्सिंग आपल्या खिडकीशी मागावर बसली आणि धोटा फेकू लागली. हाब्लोनचं, इथल्या हातविणीचं, पाच मीटर कापड लावलेलं होतं. दोर्कास शेजारी विणकामाची सुई घेऊन बसली.

मेद्योनं पांगादी सुरू केली. त्यानं पस्तीस वर्षं उतारूंना ओरडून गाडीत भरलं होतं, आणि 'नमो मारिया'सुद्धा तो तसाच म्हणत होता, जणू आणखी दोन सीट रिकाम्या आहेत. माळेत पाच रहस्यं, म्हणजे प्रभूच्या आयुष्यातले पाच प्रसंग, आणि प्रत्येकाला दहा 'नमो मारिया'; पहिल्या रहस्यानंतर तो थेट तिसऱ्यावर गेला. कोन्सिंगचा धोटा थांबला. पुढच्या दहाच्या त्यानं बारा केल्या. धोटा परत थांबला. मग त्यानं लितानीला हात घातला, माळ पुरी होण्याआधीच.

"मेद्यो!" ती खिडकीतून ओरडली. "फटक्यांचं रहस्य कुठं गेलं? बागेतून एकदम काट्यांच्या मुकुटावर? आणि बारा नाही, दहा! हातात माळ आहे की शिट्टी?"

पलीकडून मेद्योचा आवाज: "दुसरं रहस्य, फटके. माफ करा, पुढे सरकून घ्या."

दोर्कासनं सुई खाली ठेवली. "नांग, ही प्रार्थना झाली."

"ही दुरुस्ती झाली."

"फरक काय?"

"इंदाय, धाकटे, तू छत्तीस वर्षं पोरांची गणितं तपासलीस. पाच आंब्यांतले दोन खाल्ले तर किती उरले. तपासताना तू आंबे खात होतीस का?"

दोर्कासला युक्तिवाद पटला नव्हता, पण त्यातली चूकही सापडत नव्हती, आणि चूक सापडल्याशिवाय लाल शाई वापरायची नाही हा तिचा नियम होता.

असे दिवस गेले. रविवारी कोन्सिंगनं सहा चुका काढल्या, सोमवारी चार. मंगळवारी मेद्योला खोकला झाला, म्हणून मासे विकणाऱ्या लोलिंगनं सुरुवात केली आणि इतकी घाई केली की सतरा मिनिटांत माळ संपली. "मासे नासतायत का गं?" कोन्सिंगनं विचारलं, आणि तिला परत पहिल्यापासून म्हणायला लावलं. बुधवारी पलीकडची वस्तीही ऐकायला आली. गुरुवारी एकच चूक. शुक्रवारी एकही नाही. त्या दिवशी कोन्सिंगनं मागावरून मान वर केली नाही, पण कापड रोजच्यापेक्षा वीतभर जास्त निघालं.

"खूश दिसतेस," दोर्कास म्हणाली.

"चाळीस माणसं. कुणी पैसे दिलेले नाहीत, कुणी जबरदस्ती केलेली नाही. आणि तो कॅथलिकसुद्धा नव्हता." तिनं फणी ठोकली. "तुझ्या भावानं पेट्या चांगल्या केल्या होत्या."

"माझा भाऊ पोचलाय, नांग. मंगळवारी दोन दहालाच पोचलाय."

"असेल."

"असेल नाही. आहे."

"मग एवढ्या लोकांचं पाणी वाया जाईल, दुसरं काय? तिथं दुसऱ्या कुणाचे पाय असतीलच की धुवायला."

दोर्कास हसली. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच.

रविवार, नववा दिवस. दोर्कास सकाळी मंडळीत जाऊन आली होती. पास्टरनं तिला विचारलं होतं, की विधवा शब्द पाळतेय ना. पाळतेय, दोर्कासनं सांगितलं होतं. तीन वाजता मेद्योच्या घरात माणसं मावत नव्हती, गल्लीपर्यंत बाकं आली होती. डुकराचं मांस आणि फणस मागल्या चुलीवर शिजत होतं. माळ नीट झाली. लितानी नीट झाली. तीन वाजून एकोणचाळीस मिनिटांनी आवाज थांबला.

निरोपाची कडवी आली होती. चौदा कडवी, जुन्या हिलिगायनोन भाषेतली. म्होरक्यानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी तीच मागून म्हणायची. चौदावं मात्र म्होरक्यानं एकट्यानं म्हणायचं, त्यामागून कुणी बोलत नाही. ती कडवी आता एकाच डोक्यात होती. वस्तीच्या समजुतीप्रमाणे ती झाल्याशिवाय नऊ दिवस पुरे होत नाहीत आणि आत्मा दाराशी ताटकळतो.

मेद्यो खिडकीत आला. या वेळी तो ओरडला नाही. "नांग, पुढचं येत नाही. कुणालाच येत नाही."

कोन्सिंगचे हात ताण्यावर होते. दोर्कास तिच्याकडे पाहत होती. कोन्सिंगनं खिडकीतूनच पहिली ओळ सांगितली. समोरून ट्रायसिकल गेली आणि अर्धी ओळ तिच्याबरोबर गेली. तिनं परत सांगितली. मागच्या बाकांवरचे म्हणाले, ऐकू येत नाही.

ती उठली. चपला घातल्या. दारात थांबली.

"दुरुस्ती?" दोर्कासनं विचारलं.

"शिकवणी."

बाहेर ऊन कडक होतं. दोर्कासनं छत्री घेतली आणि तिच्या डोक्यावर धरून सोबत निघाली. कोन्सिंग गल्लीच्या मधोमध थांबली. मेद्यो म्हणाला, आत या. तिनं मान हलवली. एलिसेओ मोटारसायकल लावायचा ती हीच जागा, हे तिथल्या जुन्या माणसांच्या लक्षात आलं.

तिनं एक एक ओळ सांगितली आणि चाळीस-पन्नास माणसांनी ती मागून म्हटली. दिवा लावला आहे. दार उघडं आहे. पाय धुऊन आत ये. तिसऱ्या कडव्यात मेलेल्याचं नाव येतं. तिथं ती म्हणाली, "इथं नाव घ्यायचं," आणि गप्प बसली. गल्लीनं नाव घेतलं, "एलिसेओ," एवढ्या मोठ्यांदा की चुलीपाशी असलेले बाहेर आले. छत्रीखाली दोघी सरळ उभ्या होत्या. कोन्सिंगची मान ताठ होती, दोर्कासचीही.

तेरा कडवी झाली. चौदाव्याला माणसांनी माना खाली घातल्या.

पुढच्या अर्ध्या मिनिटाबद्दल एकवाक्यता नाही. लोलिंग म्हणते, नांग कोन्सिंगचे ओठ हलत होते, तिनं पाहिलं. मेद्यो म्हणतो, ती नुसती उभी होती. नंतर तिनं क्रूसाची खूण केली की डोक्यावरचं फडकं सारखं केलं, ते त्याला नक्की सांगता येत नाही. गल्लीत काहीही ऐकू आलं नाही. तीन वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी ती वळली, घरात गेली आणि मागावर बसली. मेद्योनं "आमेन" म्हटलं. लोक जेवायला बसले. एक भरलेलं ताट गल्ली ओलांडून आलं, आणि ते दोर्कासनं घेतलं.

पुढच्या रविवारी डीकनांची बैठक झाली. पास्टरनं दोर्कासला बोलावलं, कारण विधवेपासून हातभर अंतरावर उभी होती ती एकटीच. विधवेनं नाव घेतलं का? नाही, दोर्कास म्हणाली. नाव लोकांनी घेतलं. मग चौदावं कडवं? विधवेनं ते म्हटलं का?

दोर्कासनं चष्मा काढून पुसला. "उत्तर लेखी देईन," ती म्हणाली.

कोन्सिंगनं तिला त्याबद्दल काही विचारलेलं नाही. मेद्यो रोज तीन वाजता खिडकीशी बसून तेरा कडवी घोकतो, आणि चुकला की समोरून आवाज येतो. चौदावं कधी शिकवणार, असं त्यानं एकदा विचारलं. "चाळिसाव्याला बघू," एवढंच ती म्हणाली. एलिसेओचा चाळिसावा दिवस शनिवारी आहे. दोर्कासची बॅग अजून त्याच घरात आहे. डीकनांना उत्तर मिळालेलं नाही.