मोळीतलं पिल्लू

चटयांसाठी आणलेल्या मोळीची दोरी सोडताना तिच्या हाताला काहीतरी मऊ, गरम लागलं. तिने दचकून हात मागे घेतला. पाणकणसाच्या, म्हणजे पाण्याकाठच्या उंच गवताच्या, पात्यांत मुठीएवढं पिल्लू थरथरत होतं.

"मांजराचंच आहे," शेजारी बसून चटई विणणारी बाई म्हणाली. "वाटीभर दूध दे आणि टाक पाळून."

पण तिचं मन मानेना. मांजराचं पिल्लू एवढ्या लांब पायांचं? मातकट अंगावर पुसट काळे पट्टे, आखूड शेपटीला टोकाकडे काळी कडी आणि कानांच्या टोकांवर केसांचे बारीक झुपके. तिने फोटो काढून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना पाठवला. लगेच फोन आला.

"रानमांजराचं आहे. दूध अजिबात पाजू नका. पाण्याकाठच्या उंच गवतात राहतात ती. आई शोधत असेल. जिथून आलं तिथेच ठेवा आणि लांब जाऊन बसा. उशीर झाला तर ती बाकीची पिल्लं घेऊन जागा बदलेल."

"आणि जागाच चुकली तर?"

"तर हे वाचणार नाही."

तिने पिल्लू एका खोक्यात ठेवलं आणि अंगणात आली.

मोळ्या तिचा दीर कापून आणायचा. नवरा गेल्यापासून घर या दोघांच्या हातांवर चाललं होतं. तो अंगणात विळ्याला धार लावत होता.

"कुठे कापलंस आज?"

"अलीकडच्या काठाला, पुलाजवळ," मान वर न करता तो म्हणाला.

दोघांनी पिल्लू उघड्या खोक्यातून पुलाजवळ नेलं, गवतात ठेवलं आणि बांधामागे दडून बसले. तास गेला, दुसराही सरत आला. आधी पिल्लू जिवाच्या आकांताने ओरडत होतं, मग त्याचा आवाज सुईसारखा बारीक झाला. तिने अस्वस्थपणे समोरचं एक पातं उपटलं, बोटांत फिरवलं आणि ती थबकली. बारा वर्षं तिचे हात हेच काम करत होते. इथलं पातं करंगळीएवढं अरुंद होतं. सकाळच्या मोळीतलं चांगलं दोन बोटं रुंद!

"भाऊजी, ती मोळी इथली नाही."

त्याचा चेहरा पडला. असं रुंद पाणकणीस पलीकडच्या काठालाच उगवायचं, आणि तिथे प्राण्या-पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत कापणीला बंदी होती.

"वहिनी, कळलं तर कापणीचा परवाना जाईल. घर कसं चालवायचं?"

"ते मग बघू. दोन तास मला इथे बसवलंस, तोंडातून एक शब्द काढला नाहीस! ऊठ!"

तो उठला. काठाला बांधलेली होडी सोडून त्याने अशी हाकली की त्याचे दंड थरथरायला लागले. ती खोकं मांडीवर धरून बसली होती. आतून आता आवाजच येत नव्हता. दर चार वल्ह्यांनी ती बोट आत घालून बघायची: ऊब आहे ना?

पलीकडे कापलेल्या खुंटांच्या कडेला, दाट पाणकणसाच्या तोंडाशी तिने पिल्लू ठेवलं. दोघं होडीतच मागे सरकले. ऊन कलायला लागलं. ती मनातल्या मनात आकडे मोजत होती आणि सारखी चुकत होती.

मग पाती हलली. आधी कान दिसले, टोकदार, झुपकेवाले. मग वाळूच्या रंगाचं अंग, डोळ्यांभोवती पांढरट कडा, आणि उंच, सडपातळ पाय. घरच्या मांजरापेक्षा चांगलीच मोठी होती ती. तिने होडीकडे टक लावून पाहिलं. दिराने श्वास रोखला. मांजर पिल्लाजवळ आली, त्याला हुंगलं आणि मागे फिरली.

"गेली," तो पुटपुटला.

"गप्प!"

चार पावलांवर मांजर थांबली, वळली, परत येऊन पिल्लाची मानगूट दातांत धरली आणि पातळ चिखलातून लांब ढांगा टाकत गवतात शिरली. लोंबकळणाऱ्या पिल्लाचा एक पाय हलला. होडीतून तिने तो नक्की पाहिला.

परतताना होडी सावकाश चालली होती.

"उद्या परवान्याच्या कार्यालयात जाऊन मीच सांगतो," दीर म्हणाला.

"मीही येते," ती म्हणाली.

परवाना दोन महिने बंद झाला. तेवढे दिवस ती दुसऱ्यांनी कापून आणलेल्या अरुंद पात्यांच्या चटया विणत राहिली. दर सकाळी नवी मोळी सोडण्याआधी ती दोन्ही हातांनी हळूच दाबून बघायची.